डोमेनवरच्या मशीनवर रोज कोणीतरी 'टेम्पररी प्रोफाइल'मध्ये उतरतंय

सर्व्हरखोली

मंडळी, जरा अडकलो आहे. एकच डोमेन (कंपनीची सगळी मशीन्स आणि खाती एकत्र सांभाळणारं जाळं), सर्व्हर २०१९ चे दोन डीसी (डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारे सर्व्हर), विंडोज १० आणि ११ ची सरमिसळ. बरीच मशीन्स सामायिक आहेत, म्हणजे पाळीनुसार वेगवेगळी माणसं एकाच मशीनवर बसतात. रोमिंग प्रोफाइल (माणसाच्या सेटिंग्ज आणि फाइल्स सर्व्हरवरून त्याच्यामागे फिरवणारं) नाही. 'डॉक्युमेंट्स' तेवढं फोल्डर रीडायरेक्शनने सर्व्हरवर जातं, बाकी सगळं त्या-त्या मशीनवरच.

काही आठवड्यांपासून एकच तक्रार फिरून फिरून येतेय. लॉगिन होतं, पण डेस्कटॉप कोरा करकरीत. आउटलुक पहिल्यापासून सेटअप मागतं, बुकमार्क गायब, आणि कोपऱ्यात 'तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलने साइन इन केले आहे' अशा अर्थाचा संदेश. सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरमध्ये बघावं तर काहींचं फोल्डर जागेवर, काहींचं नाहीच, आणि काहींची चक्क तीन-तीन: नुसतं नाव, नाव डॉट डोमेन, नाव डॉट डोमेन डॉट ०००. भरीला दोन मशीन्सवर वेगळंच नाटक आहे. जुन्या लोकांचं लॉगिन सुरळीत होतं, नवीन माणूस आला की 'युजर प्रोफाइल सर्व्हिस फेल्ड द साइन-इन' म्हणून दारातूनच परत.

मशीन डोमेनमधून काढून पुन्हा जॉइन केलं, फरक शून्य. वरून 'फॉरमॅट मारा आणि मोकळे व्हा' असं चाललंय. त्याआधी इथे विचारतो.

फॉरमॅटवीर

मारा की मग! विंडोजची तयार इमेज (प्रत) असेल तर या भानगडीत डोकं घालण्यापेक्षा लवकर होतं.

एसआयडीराव

वीर, फॉरमॅट मारून महिन्याभराने हाच धागा पुन्हा वर काढायचाय का? जरा थांबा.

सर्व्हरखोली, आधी साखळी समजून घ्या, मग तुमची तीन-तीन फोल्डर का झाली तेही कळेल. विंडोजला माणसाच्या नावाशी काही देणंघेणं नाही. तिच्या लेखी माणूस म्हणजे त्याचा एसआयडी, तो 'एस-१-५-२१' ने सुरू होणारा लांबलचक आकडा. लॉगिन झालं की ती रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात) एचकेएलएम या आख्ख्या मशीनच्या शाखेखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, प्रोफाइललिस्ट इथे जाते आणि त्या एसआयडीची की, म्हणजे नोंद, शोधते. त्या कीमध्ये 'प्रोफाइलइमेजपाथ' असतो, म्हणजे फोल्डर कुठे आहे ते. त्या फोल्डरमध्ये 'एनटीयूजर डॉट डॅट' नावाची लपलेली फाइल असते. ती म्हणजे त्या माणसाची स्वतःची रजिस्ट्री, जी लॉगिननंतर एचकेसीयू म्हणून दिसते. ही फाइल लोड झाली की प्रोफाइल लागलं.

आता कुठली कडी तुटली त्यावर लक्षण ठरतं. की नसेल तर विंडोज त्याला नवा माणूस समजते आणि नवं प्रोफाइल करायला घेते. त्याच नावाचं जुनं फोल्डर पडलेलं असेल तर त्याला हात न लावता नाव डॉट डोमेन बनवते, तेही असेल तर डॉट ०००. तुमच्याकडे अशी तिन्ही सापडली याचा अर्थ कोणीतरी 'दुरुस्ती' म्हणून की उडवत आलंय आणि फोल्डर तसंच ठेवलंय. याच्या उलट, की आहे पण फोल्डर नाही, किंवा फोल्डर आहे पण डॅट फाइल उघडत नाही, तर टेम्पररी प्रोफाइल.

डोमेनला पुन्हा जॉइन करून फरक का पडला नाही, ते यातच आलं. त्याने कॉम्प्युटरचं खातं आणि डीसीशी असलेलं त्याचं नातं नवं होतं. युजरचा एसआयडी तोच, प्रोफाइललिस्टही तीच.

इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये 'युजर प्रोफाइल्स सर्व्हिस' या सोर्सचे नंबर टाका इथे. नंबर पाहिल्याशिवाय पुढचं काही सांगणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

हेल्पडेस्कवाली

रावांचं सगळं बरोबर, पण त्याआधी एक तातडीचं. जी माणसं आत्ता टेम्पररी प्रोफाइलमध्ये बसून काम करताहेत त्यांना 'एकदा लॉग ऑफ करून बघा' असं अजिबात सांगू नका. आपल्या सगळ्यांच्या तोंडात तेच वाक्य आधी येतं आणि इथे तेच घात करतं. साइन आउट झालं की युजर्समधलं टेम्प फोल्डर पुसलं जातं. दिवसभर डेस्कटॉपवर सेव्ह केलेलं सगळं त्याच्यासोबत जातं.

आधी खात्री करा. कमांड प्रॉम्प्टवर फक्त 'सेट यूजरप्रोफाइल' टाका. उत्तरात टेम्प दिसलं तर डेस्कटॉप आणि डाउनलोड्स आधी सर्व्हरच्या शेअरवर हलवा, मगच पुढचं काय ते. युजरला फोनवर सांगताना 'तुमच्या जुन्या फाइल्स बहुतेक जागेवरच आहेत, फक्त आजच्या वाचवायच्या आहेत' असं सांगते मी. माणूस शांत होतो आणि चुकीची बटणं दाबत नाही. 'बहुतेक' हा शब्द मात्र गाळत नाही.

वाचनमात्र

वाखु (वाचनखूण) साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सर्व्हरखोली

हेल्पडेस्क ताई, सूचना लगेच सगळ्यांना पाठवली, आभार.

राव, हे घ्या नंबर. तीन गट पडताहेत असं दिसतंय.

ज्यांचं फोल्डर जागेवर आहे तिथे आधी १५०८, मग १५०२, मग १५१५ आणि १५११. १५०८ च्या तपशिलात 'फाइल दुसरी प्रोसेस वापरत आहे' असं काहीसं आहे.

ज्यांचं फोल्डरच नाही तिथे नुसते १५१५ आणि १५११.

आणि नवीन युजरला हाकलणाऱ्या त्या दोन मशीन्सवर १५०९ आणि १५००.

एसआयडीराव

वा! नंबर देणारा धागाकर्ता भेटणं दुर्मिळ. हे तीन वेगळे आजार आहेत, एका औषधाने बरे होणार नाहीत.

पहिला गट. १५०८ म्हणजे रजिस्ट्री लोड करता आली नाही. त्या संदेशात मेमरी आणि परवानग्यांचं नाव घेतलेलं असतं, त्याने माणूस भरकटतो. तपशिलातलं कारण वाचायचं, आणि ते तुम्ही वाचलंत. कोणीतरी एनटीयूजर डॉट डॅट धरून बसलंय. १५१५ म्हणजे विंडोजने मूळ की 'डॉट बॅक' अशी शेपटी लावून बाजूला ठेवली, आणि १५११ म्हणजे टेम्पररीत उतरवलं. प्रोफाइललिस्ट उघडलंत तर एकच एसआयडी दोनदा दिसेल, एक शेपटीसह, एक शिवाय. शेपटी नसलेली टेम्पकडे बोट दाखवते, तिच्या 'स्टेट'मध्ये हेक्स ८०० चा बिट असतो. खरी की म्हणजे शेपटीवाली.

दुरुस्ती अशी. मशीन रीस्टार्ट करा. शटडाउन करून चालू करू नका, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल आणि सर्व्हिसेस झोपवल्या जातात, बंद होत नाहीत. फाइल धरून बसलेली सर्व्हिस उठल्यावर तशीच असते. त्या युजरचं नाही अशा अ‍ॅडमिन खात्याने आत या. प्रोफाइललिस्ट की एक्सपोर्ट करून ठेवा.

आता बहुतेक लोक गाळतात ती पायरी: फाइल धड आहे का ते आधी बघा. रेजएडिटमध्ये एचकेवाय_युजर्स निवडा, फाइल मेनूतून 'लोड हाइव्ह', त्या माणसाची एनटीयूजर डॉट डॅट द्या, काहीतरी नाव द्या. आतल्या की दिसल्या तर फाइल ठीक. बघून झालं की 'अनलोड हाइव्ह' करायचंच. ते राहिलं तर आता फाइल तुम्हीच धरून बसलेले असाल, आणि युजर पुन्हा टेम्पररीत.

फाइल ठीक असेल तर शेपटी नसलेल्या कीचं नाव बदलून बाजूला करा, शेपटीवालीची शेपटी काढा, पाथ बरोबर आहे ना ते बघा, 'स्टेट' शून्य करा, 'रेफकाउंट' असेल तर तोही शून्य. पुन्हा रीस्टार्ट. रेफकाउंट नसेल तर बनवत बसू नका.

फाइल लोडच झाली नाही तर परवानग्या बघा. फोल्डरवर तो युजर, सिस्टीम आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स या तिघांचा पूर्ण हक्क हवा. तरीही नाही तर डिस्क तपासा, शॅडो कॉपीतून (विंडोजने आपोआप घेतलेल्या जुन्या प्रतींतून) आदल्या दिवशीची डॅट फाइल मिळते का बघा. तीही नाही मिळाली तरच नवं प्रोफाइल.

दुसऱ्या गटात फोल्डर कोणीतरी हाताने किंवा स्क्रिप्टने उडवलंय आणि की तशीच राहिलीय. तिथे दोन्ही की काढा, पुढच्या लॉगिनला स्वच्छ नवं प्रोफाइल होईल. पण उडवणारा कोण ते शोधा, नाहीतर तुम्ही काढत बसाल आणि तो उडवत बसेल.

तिसऱ्यावर रात्री लिहितो.

कॉपीपेस्टकाका

एवढी रजिस्ट्री कोण खोदत बसणार? मी सरळ नवं प्रोफाइल करतो, जुन्या फोल्डरमधलं सगळं सिलेक्ट ऑल करून नव्यात टाकतो, विचारलं की रिप्लेस. वर्षानुवर्षं चाललंय.

कुलूपकिल्ली

काका, चालत असेल, पण 'सगळं' या शब्दावर माझा आक्षेप आहे.

डेस्कटॉप, डाउनलोड्स, पिक्चर्स खुशाल न्या. एनटीयूजर डॉट डॅट अजिबात नेऊ नका. त्या हाइव्हच्या (रजिस्ट्रीच्या फाइलच्या) आत प्रत्येक कीवर परवानग्या असतात आणि त्या जुन्या एसआयडीच्या नावे असतात. खातं बदललेलं असेल तर नव्या माणसाला स्वतःच्याच रजिस्ट्रीत लिहिता येत नाही. मग स्टार्ट मेनू उघडत नाही, डीफॉल्ट प्रिंटर टिकत नाही, आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो. अ‍ॅपडेटाच्या लोकलमधलं 'पॅकेजेस' फोल्डरही तसंच उचलून टाकू नये. स्टोअरची अ‍ॅप्स प्रत्येक युजरसाठी नोंदलेली असतात, फाइल्स आणून टाकल्याने नोंद होत नाही.

खरी मेख पासवर्डांची आहे. ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड, क्रेडेन्शियल मॅनेजर, काही प्रमाणपत्रांच्या खासगी किल्ल्या, हे सगळं डीपीएपीआय या विंडोजच्या एन्क्रिप्शनच्या सोयीने बंद केलेलं असतं. त्याच्या मास्टर की अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमध्ये मायक्रोसॉफ्टखाली 'प्रोटेक्ट' या फोल्डरमध्ये असतात, आणि तिथेही एसआयडीच्या नावाचं उपफोल्डर असतं. नुसतं क्रोमचं फोल्डर नव्या खात्यात नेलं तर बुकमार्क येतील, पासवर्ड येणार नाहीत. तिजोरी उचलून आणली आणि किल्ली जुन्या घरात, असा प्रकार. माणूस तोच, डोमेन खातं तेच, फक्त प्रोफाइल फोल्डर नवं, अशी परिस्थिती असेल तर 'प्रोटेक्ट' फोल्डर सोबत नेल्याने काम होऊ शकतं. एसआयडीच बदलला असेल तर आशा सोडा. म्हणून जुनं प्रोफाइल चालू स्थितीत असतानाच पासवर्ड एक्सपोर्ट करून घेणं शहाणपणाचं.

आणि फाइल्स ईएफएसने एन्क्रिप्ट केलेल्या असतील, म्हणजे नावं हिरवी दिसत असतील किंवा आयकॉनवर कुलूप असेल, तर जुन्या प्रोफाइलला हात लावण्याआधी प्रमाणपत्र एक्सपोर्ट करा. हे राहिलं तर फाइल डोळ्यासमोर असते आणि उघडत नाही.

हेल्पडेस्कवाली

किल्लींना अनुमोदन. माझी भर आउटलुकची. ओएसटी (सर्व्हरवरच्या मेलची मशीनवरची प्रत) न्यायच्या फंदात पडू नका, ती सर्व्हरवरून पुन्हा बनते. पीएसटी (मशीनवरच साठवलेल्या मेलची फाइल) मात्र शोधून शोधून न्या. ती दुसरीकडे कुठेही नसते, आणि लोक ती कुठल्या कोपऱ्यात ठेवतील सांगता येत नाही. सह्या अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमध्ये मायक्रोसॉफ्ट, सिग्नेचर्स इथे असतात. मेल गेलं तर लोक तिकीट टाकतात, सही गेली तर थेट माझ्या टेबलावर येतात.

कॉपीपेस्टकाका

डॅट फाइलचं मान्य. प्रोटेक्टचं माहीत नव्हतं. रजिस्ट्री खोदण्याबद्दलचं मत मात्र कायम.

खिडकीबाहेर

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. आमच्याकडे एकीचं खातं एडीमधून (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे डोमेनच्या खातेवहीतून) डिलीट झालं, मग त्याच नावाने पुन्हा बनवलं. पासवर्डही तोच दिला. तरी तिला कोरं प्रोफाइल आलं आणि शेअरवरचे हक्कही गेले. हा त्याच जातीचा प्रकार का?

एसआयडीराव

त्याच जातीचा. नाव तेच, एसआयडी नवा, म्हणजे विंडोजसाठी माणूस नवा. पुन्हा बनवण्याऐवजी एडी रीसायकल बिनमधून परत आणायला हवं होतं. तिथून आणलेलं खातं जुन्या एसआयडीसह आणि ग्रुपांसह येतं. ही सोय सर्व्हर २००८ आर२ पासून आहे, पण आपोआप चालू नसते, आधी चालू करून ठेवावी लागते आणि एकदा केली की बंद होत नाही. ज्यांच्याकडे अजून बंद आहे त्यांनी हा धागा वाचून झाल्यावर तेवढं काम कराच.

आता बिन चालू नसेल आणि नवं खातंच वापरायचं असेल, किंवा आख्खं डोमेनच बदलत असाल, तर प्रोफाइल नव्या एसआयडीच्या नावे करून घ्यावं लागतं. मायक्रोसॉफ्टचं यूएसएमटी त्यासाठीच आहे, 'स्कॅनस्टेट'ने गोळा करायचं, 'लोडस्टेट'ने उतरवायचं. डोमेन बदलताना एडीएमटी हे खाती हलवायचं साधनही फोल्डरच्या आणि हाइव्हच्या परवानग्या नव्या एसआयडीवर भाषांतरित करतं.

आता राहिलेला तिसरा गट. जुने आत येतात, नवे नाही, म्हणजे दोष साच्यात आहे. नव्या माणसाचं प्रोफाइल युजर्समधल्या 'डीफॉल्ट' या लपलेल्या फोल्डरची प्रत काढून बनतं. १५०९ म्हणजे त्यातली एखादी फाइल कॉपी करता आली नाही, आणि कुठली ते त्या इव्हेंटमध्येच लिहिलेलं असतं. ती फाइल बघा. बहुधा परवानग्या बिघडलेल्या असतात, किंवा कोणीतरी 'सगळ्यांना एकसारखा डेस्कटॉप' करायच्या नादात स्वतःचं प्रोफाइल डीफॉल्टवर हाताने कॉपी केलेलं असतं. त्यासाठी पूर्वी 'कॉपी टू' बटण वापरायचे, विंडोज ७ पासून ते फक्त डीफॉल्ट प्रोफाइलसाठीच चालतं, म्हणून लोक एक्सप्लोररने कॉपी करतात आणि तिथे घोळ होतो. तसं काही झालं असेल तर त्याच आवृत्तीच्या चांगल्या मशीनवरून आख्खं डीफॉल्ट फोल्डर आणून टाका. सी ड्राइव्हवर जागा आहे का तेही बघा, डिस्क भरली की नवं प्रोफाइल बनत नाही.

निळापडदा

एक शंका अशी की हे विंडोजच्या अपडेटमुळे नसेल ना? २०२० च्या फेब्रुवारीत केबी४५३२६९३ आल्यावर १९०३ आणि १९०९ वर बऱ्याच लोकांना असंच टेम्पररी प्रोफाइल आलं होतं, फोल्डरला डॉट बॅक किंवा डॉट ००० लागलेलं. तेव्हा मंचांवर नुसता धुमाकूळ होता.

एसआयडीराव

ते खरं होतं, आणि अनेकांचं दोन-चार रीस्टार्टमध्ये किंवा अपडेट काढून परत जागेवर आलं होतं. पण इथे तीन वेगळे नंबर तीन वेगळ्या गटांत पडताहेत. एका अपडेटने तसं होणार नाही. आणि अपडेट कोणाचं फोल्डर गायब करून थांबत नाही. सर्व्हरखोली, तुमच्याकडे 'जुनी प्रोफाइल काढा' अशी पॉलिसी किंवा स्क्रिप्ट आहे का?

सर्व्हरखोली

आहे! जीपीओ (डोमेनवरून मशीन्सना लागणारी पॉलिसी) नाही, स्टार्टअप स्क्रिप्ट. माझ्या आधीच्या माणसाने डिस्क भरते म्हणून लावलेली. युजर्समधली जी फोल्डर ३० दिवसांपूर्वीच्या तारखेची, ती आरडी स्लॅश एस स्लॅश क्यू, म्हणजे न विचारता आख्खी पुसायची. पण ती रोज येणाऱ्या लोकांची का उडवतेय? मी ज्यांच्या तक्रारी घेतल्या त्यातले निम्मे रोज लॉगिन करणारे आहेत.

कुलूपकिल्ली

सापडला की चोर! फोल्डरची 'बदललेली तारीख' म्हणजे आतल्या मजकुराची तारीख नव्हे. एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या फाइल व्यवस्थेत) ती तारीख तेव्हाच हलते, जेव्हा थेट त्या फोल्डरमध्ये एखादी फाइल किंवा फोल्डर नवं येतं, जातं किंवा नाव बदलतं. माणूस रोज डेस्कटॉपवर शंभर फाइल्स करेल, त्याने 'डेस्कटॉप'ची तारीख बदलेल, त्याच्या वरच्या प्रोफाइल फोल्डरची नाही. त्या स्क्रिप्टच्या हिशोबाने तो माणूस महिनोन्‌महिने फिरकलेलाच नाही.

आणि आरडीला जी फाइल पुसता येत नाही ती तशीच राहते, उरलेलं फोल्डर तसंच पडून राहतं. पुढे कोणीतरी येऊन की उडवतं, मग नाव डॉट डोमेन, मग डॉट ०००. तुमच्या तीन फोल्डरांची वंशावळ पूर्ण झाली.

हेल्पडेस्कवाली

म्हणजे डॉक्युमेंट्स सर्व्हरवर जात होतं म्हणून थोडक्यात निभावलं. ज्यांच्या फाइल्स डाउनलोड्समध्ये होत्या त्यांचं काय, ते आधी बघा.

सर्व्हरखोली

बघितलं. स्क्रिप्ट तात्काळ बंद केली. काहींच्या शॅडो कॉपी मिळाल्या, दोघांच्या नाही मिळाल्या. त्यांना तसं सांगितलं. डेस्कटॉप आणि डाउनलोड्सही आता रीडायरेक्शनमध्ये घेतोय.

पण डिस्क भरण्याचा प्रश्न खराच आहे. सामायिक मशीन्सवर चाळीस-पन्नास प्रोफाइल साठतात. मग योग्य रीत कोणती?

एसआयडीराव

हाताने काढायचं असेल तर सिस्टीम प्रॉपर्टीजमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर युजर प्रोफाइल्सची सेटिंग्ज आहेत, तिथून 'डिलीट'. त्यात फोल्डर आणि की दोन्ही जातात. अनेक मशीन्सवर करायचं तर पॉवरशेलने 'विन३२_युजरप्रोफाइल' या क्लासचे इन्स्टन्स आणायचे, 'स्पेशल' आणि 'लोडेड' खरे असलेले वगळायचे, उरलेल्यांपैकी हवे ते रिमूव्ह-सिमइन्स्टन्सला द्यायचे. आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करा.

आपोआप व्हावं असं वाटत असेल तर जीपीओत कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टीम, युजर प्रोफाइल्स इथे 'ठरावीक दिवसांपेक्षा जुनी प्रोफाइल रीस्टार्टला काढा' ही पॉलिसी आहे. तिचीही एक खोड माहीत असू द्या. जुन्या आवृत्त्यांत ती एनटीयूजर डॉट डॅटच्या तारखेवर जायची, आणि अँटिव्हायरस किंवा अपडेट त्या फाइलला स्पर्श करून तारीख ताजी करत असत, म्हणून कोणतंच प्रोफाइल कधीच 'जुनं' होत नसे. नव्या आवृत्त्यांत प्रोफाइललिस्टमध्येच लोड आणि अनलोडची वेळ 'लोकलप्रोफाइललोडटाइम', 'लोकलप्रोफाइलअनलोडटाइम' अशा नावांनी नोंदलेली असते. तुम्ही स्वतः स्क्रिप्ट लिहिणार असाल तर 'लास्टयूजटाइम'वर भरवसा ठेवू नका, या नोंदी वाचा.

खिडकीबाहेर

आमच्याकडे रोमिंग प्रोफाइल आहेत अजून. तिथेही हेच लागू?

एसआयडीराव

मशीनवरची साखळी तीच, वर सर्व्हरचा एक मजला जास्त. १५२१ दिसला तर सर्व्हरवरची प्रत सापडली नाही, १५०४ दिसला तर प्रत पूर्ण सिंक झाली नाही. विंडोजच्या आवृत्तीनुसार फोल्डरला शेपटी लागते: विंडोज ७ ला व्ही२, ८.१ ला व्ही४, १० च्या पहिल्या दोन आवृत्त्यांना व्ही५, १६०७ पासून पुढे व्ही६. त्यामुळे मशीन बदललं आणि 'माझं सगळं गेलं' अशी ओरड झाली तर आधी सर्व्हरवर शेपट्या बघा. अ‍ॅपडेटामधली लोकल आणि लोकललो ही फोल्डर रोम होतच नाहीत. एकच माणूस दोन मशीन्सवर एकाच वेळी बसला तर नंतर साइन आउट करणाऱ्याचं राहतं. आणि अ‍ॅडमिनने सर्व्हरवर फोल्डरची मालकी स्वतःच्या खात्याकडे घेतली तर विंडोज ते प्रोफाइल नाकारते, मालक तो युजर किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ग्रुप असावा लागतो.

मला विचाराल तर नव्याने रोमिंग लावू नये. फोल्डर रीडायरेक्शन पुरतं. रिमोट डेस्कटॉपचे सर्व्हर असतील तर प्रोफाइल व्हीएचडीएक्समध्ये ठेवणारं एफएसलॉजिक्स घ्या. तिथेही डिस्क कोणाची ते एसआयडीवरूनच ठरतं, हा विनोद लक्षात आला असेलच.

वाचनमात्र

पहिल्या गटातली फाइल कोण धरून बसलं होतं, ते राहिलंच की.

सर्व्हरखोली

सांगतो. लॉग ऑफला त्या मशीन्सवर १५३० ची वॉर्निंग होती. तिच्या तपशिलात कोणत्या प्रोसेसने युजरची रजिस्ट्री उघडी ठेवलीय त्याचं नाव, पाथसकट, सरळ लिहिलेलं असतं. प्रत्येक मशीनवर एकच नाव निघालं, आमच्या बॅकअपचा एजंट. तो पहाटे उठून युजर्स फोल्डर चघळायला लागतो आणि मोठ्या डिस्कवर पहिली पाळी येईपर्यंत चालूच असतो. म्हणूनच सकाळच्या पाळीलाच त्रास, दुपारच्या पाळीला नाही. एनटीयूजर आणि यूजरक्लास या डॅट फाइल्स आता शॅडो कॉपीमधून घ्यायला लावल्यात आणि वेळ मध्यरात्रीवर नेलीय. डॉट बॅक की कुठे कुठे उरल्यात ते पॉवरशेलने सगळीकडून गोळा केलं, रावांच्या रीतीने सरळ करतोय. तिसऱ्या गटात डीफॉल्टमधल्या एका शॉर्टकटवर कोणाचेच हक्क नव्हते. नवं डीफॉल्ट आणून टाकलं, नवी माणसं आत येताहेत.

एक शेवटचं विचारतो. 'टेम्पररी प्रोफाइलने लॉगिन करू देऊ नका' अशीही एक पॉलिसी दिसतेय. लावू का?

फॉरमॅटवीर

लावा. रिकाम्या डेस्कटॉपवर दिवसभर काम करून ते गमावण्यापेक्षा दारातच अडवलेलं बरं.

हेल्पडेस्कवाली

दारात अडवलेला माणूस फोन मला करतो, वीर. लॅपटॉप घेऊन बाहेर असलेल्याला ही पॉलिसी म्हणजे मशीन बंदच. तिथे टेम्पररी का होईना, आत तरी येतो आणि मेल पाहतो.

एसआयडीराव

ताईंचं बरोबर आहे. सामायिक मशीन्सच्या ओयूला (डोमेनमधल्या त्यांच्या गटाला) लावा, तिथे बाजूचं मशीन असतं. लॅपटॉपच्या ओयूला नको. आणि लावण्याआधी प्रत्येक मशीनवर एक लोकल अ‍ॅडमिन खातं चालतंय याची खात्री करा, त्याचा पासवर्ड लॅप्समध्ये (लोकल अ‍ॅडमिनचे पासवर्ड सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सोयीत) आहे ना ते बघा. डोमेन अ‍ॅडमिनचंच प्रोफाइल बिघडलं तर आत शिरायला दुसरी वाट हवी.

सर्व्हरखोली

लॅप्समध्ये दोन मशीन्सचे पासवर्ड जुने निघाले. ते आधी करतो, मग सामायिक ओयूला पॉलिसी.